मले न इचारता

आंबडोहच्या भगवानराव पटेलांना मी कधी खुशीत पाहिलं नाही. पाऊस आला तर निंदण राहिलं म्हणून त्रागा, नाही आला तर कपाशीची पऱ्हाटी माना टाकते म्हणून त्रागा. बैल नीट चालला तरी म्हणायचे, "आज चालून राह्यला, उद्या भर रस्त्यात बसन." पोरीचं लग्न ठरलं त्या दिवशीही ते मंडपाच्या बांबूंवरून सोयऱ्यांशी भांडत होते. त्यांची बायको विमलबाई म्हणायची, "यायले सरगात नेलं तरी तिथल्या दाराची कडी ढिली हाय म्हनतीन."

मी नागनाथ. १९८१ साली या गावच्या मराठी शाळेवर मास्तर म्हणून आलो. आंबडोह म्हणजे आदिलाबाद जिल्ह्यात, भीमपूरच्या पलीकडे, पैनगंगेच्या काठावर. नदी ओलांडली की महाराष्ट्र. गावात कुणब्यांची घरं जास्त, आम्हा बौद्धांची वस्ती उताराला, आणि दोन-चार घरं मुसलमानांची. शाळेत मराठी, कचेरीत तेलुगू, बाजारात हिंदी. भगवानरावांना तिन्ही भाषांत वैतागता येत होतं.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला चहा मिळाला तो ओसरीच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. ते मी विसरलेलो नाही आणि त्यांच्याविषयी सांगताना लपवणारही नाही. भगवानराव सुधारक वगैरे नव्हते. फक्त काही गोष्टी त्यांना सहन व्हायच्या नाहीत.

त्यातली एक मला १९८४ च्या ऑगस्टात कळली. हैदराबादला निवडून आलेलं सरकार एका दिवसात उतरवलं आणि खुर्चीवर दुसराच माणूस बसवला, अशी बातमी रेडिओवर आली. गावातले लोक म्हणाले, मोठ्यांचं राजकारण आहे, आपल्याला काय? भगवानराव मात्र निंदण टाकून आले, पायाला चिखल तसाच, आणि चावडीसमोर उभं राहून ओरडले, "मी मत देल्लं होतं ना? उन्हात रांगेत उभा राहून देल्लं होतं. मंग मले न इचारता कोन काढते त्यायले?"

कोणीतरी हसलं. "पटेल, तुमाले इचाराले हैदराबादहून मानूस याव का?"

"याव! मत मांगाले आलते तवा कसे आलते?"

त्या सरकारवर त्यांचं प्रेम होतं असं मुळीच नाही. वर्षभर ते त्याला शिव्याच देत होते. तरी आदिलाबादेत बंद होता त्या दिवशी ते ट्रकच्या मागच्या फाळक्याला धरून गेले, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, परतीचा ट्रक चुकला, आणि कधी पायी, कधी कोणाच्या बैलगाडीत असे दुसऱ्या दिवशी पाय सुजवून घरी आले. महिन्याभरात ते सरकार परत बसलं. लोक म्हणाले, जितले बुवा पटेल! ते म्हणाले, "काय जितलो? माह्यं निंदण तसंच पडून हाय."

१९८८ साली ग्रामपंचायतीची निवडणूक आली. गावात एक तट सुधाकररावांचा. सुधाकरराव म्हणजे गावातले मोठे शेतकरी आणि कापसाचे व्यापारी, नागपुरात कॉलेज केलेले, स्वच्छ पांढरे कपडे, आवाज कधी चढायचा नाही. दुसरा तट त्यांच्यावर जळणाऱ्यांचा. या दुसऱ्यांना आपापसात एकही माणूस पसंत पडेना. शेवटी भगवानरावांचं नाव निघालं, कारण ते सगळ्यांवर सारखेच खेकसायचे. सुधाकररावांचा माणूस थोडक्या मतांनी पडला, भगवानराव सरपंच झाले. पण वार्डांतले बहुतेक मेंबर सुधाकररावांचे आले आणि त्यांनी आपल्या देवाजीला उपसरपंच केलं. देवाजी समोरच्याच्या तोंडाकडे पाहून मान हलवणारा.

सरपंचकीनं भगवानरावांचा जीव नकोसा केला. लोक घास तोंडात असताना यायचे. कोणाच्या शेजाऱ्यानं कुंपण पुढे सरकवलेलं, कोणाची बायको रुसून माहेरी बसलेली. "सरपंच झालो म्हंजे काय सासुरवाडीले जाऊन तुही बायको आनू?" असं म्हणत ते हात धुऊन उठायचे, आणि जाऊन आणायचेही. दर दोन-तीन महिन्यांनी ते शाळेत येऊन म्हणायचे, "गुरुजी, राजीनामा लिवा. आता बस झालं." मी लिहायला बसायचो. सही करायच्या आत कोणीतरी हापशी बंद पडल्याचं सांगत यायचं आणि ते तसेच तणतणत निघून जायचे.

सरकारकडून बोअर मंजूर झाली तेव्हा पहिली हापशी त्यांनी आमच्या वस्तीत बसवली. मोठ्या गावात ओरड झाली. मंदिराजवळ चारचौघांनी अडवून विचारलं, "तिकडं काऊन पयले?"

"त्यायची विहीर आटली. तुमची भरून हाय. यात समजाले काय कठीन हाय?"

"पन मान गावाचा असते ना पटेल."

"मान प्याले देता का उन्हाळ्यात?"

हापशी दुरुस्त करणारा मौला हा वार्डाचा मेंबरही होता. त्याच्या आज्यानं गावातल्या गाड्यांची चाकं घडवलेली. मौलाच्या हातात पान्हा आणि तोंडात गाणं, आणि त्या गाण्याचाही भगवानरावांना त्रास व्हायचा.

नव्वद सालाच्या पुढे सुधाकररावांनी मंदिराच्या पटांगणात राष्ट्रशिस्त दल काढलं. सकाळी शिट्टी वाजायची, गावातली चाळीस-पन्नास माणसं एका रंगाच्या टोप्या घालून काठ्या खांद्यावर घेऊन रांगेत उभी राहायची. पोरांना वाटलं आपण काहीतरी झालो. सुरुवातीला दलानं गटारं काढली, बाजाराची जागा झाडली. भगवानराव म्हणाले, "काढू द्या, माह्यं काम कमी झालं." त्यांचा धाकटा भाऊ चंपतही दलात गेला. वडील लवकर गेले तेव्हा चंपत पाळण्यात होता. त्याला भगवानरावांनीच वाढवला, त्याचं लग्नही त्यांनीच केलं. त्याच्या डोक्यावर टोपी पाहून ते एवढंच म्हणाले, "डोकं झाकाले पागोटं नोतं का घरी?"

कवायत झाली की सुधाकरराव बोलायचे. शांत आवाजात, शिकवल्यासारखे. "लोकशाही म्हणजे मुंडकी मोजणं. शहाण्याचंही एक, अडाण्याचंही एक. अशानं देश उभा राहत नाही. ज्या देशांत लष्करानं सूत्रं हातात घेतली तिथं बघा, कशी शिस्त आहे. आपल्यालाही तसेच हात पाहिजेत. आणि घरात परके ठेवून घर नीट राहत नाही." परके कोण, ते नाव घेऊन सांगायचे नाहीत. ऐकणारे मौलाच्या घराकडे बघायचे.

मला हे ऐकू यायचं, कारण शाळा पटांगणाला लागूनच होती. मी एकदा भगवानरावांना म्हणालो, हे काही बरं लक्षण नाही. ते उसळले. "मंग मी काय करू? बोलाले टॅक्स लावू?"

१९९२ च्या डिसेंबरात अयोध्येची बातमी आली. शहरांत जाळपोळ, कर्फ्यू. आंबडोहात तसं काही झालं नाही, फक्त सकाळची शिट्टी संध्याकाळीही वाजायला लागली. चार-आठ दिवसांतच मंदिराजवळची हापशी बिघडली. मौला ती खोलून बसला होता. दलाची माणसं आली, त्याला म्हणाली, इथल्या पाण्याला हात लावू नकोस. तो म्हणाला, "मग पाणी कोण काढणार, तुम्ही?" त्याला तिथंच काठ्यांनी मारलं. त्याचा पान्हा विहिरीत फेकला. लोक दारात उभं राहून बघत होते. भगवानराव शेतातून धावत आले तोवर मारणारे निघून गेले होते. मौला धुळीत बसला होता आणि त्याची बायको त्याच्या कानातून येणारं रक्त पदरानं पुसत होती. दुसऱ्या दिवशी ती दोघं पोरांना घेऊन नेरडीगोंड्याला तिच्या भावाकडे निघून गेली.

त्याच आठवड्यात दलानं पंचायतीच्या खोलीचं कुलूप तोडून आपलं कुलूप लावलं. खोलीवर दलाचं निशाण चढवलं. देवाजीला आत खुर्चीवर बसवलं. सुधाकररावांनी पायरीवर उभं राहून जाहीर केलं, "आजपासून गाव दल चालवेल. निवडणुकांचा तमाशा पुरे. हा लहान प्रयोग आहे. उद्या दिल्लीतही हेच होणार आहे, तेव्हा आंबडोहचं नाव पहिलं येईल."

मग मिरवणूक भगवानरावांच्या घरी गेली. मी तिथंच होतो, कारण त्याच सकाळी दलानं मला शाळेतून बाहेर काढलं होतं आणि मी ते सांगायला आलो होतो. पहिला तास त्यांच्या कवायतीचा, असं त्यांनी ठरवलं होतं आणि मी नाही म्हणालो होतो. भगवानराव ओसरीवर भाकर खात होते. सुधाकररावांनी तेलुगूत लिहून आणलेला राजीनामा पुढे केला.

"पटेल, नाहीतरी तुम्हाला सोडायचीच आहे. गुरुजींकडे किती वेळा लिहायला गेलात, गावाला माहीत आहे. सही करा, मोकळे व्हा."

भगवानरावांनी घास गिळला. "सोडाची हाय. खरं हाय. माह्या जिवाले त्रास झाला तर मी सोडीन. तुमी कोन सोडवनारे?"

"गावाची इच्छा आहे."

"गावाची इच्छा डब्यात पडते. तुमच्या काठीत नाई पडत."

मागून कोणीतरी ओरडलं, "रझाकारायचे दिवस इसरले का पटेल? त्यायच्याच जातवाल्यायले पाठीशी घालता?"

यावर भगवानराव ताट बाजूला सारून उभे राहिले. मी त्यांना इतका वेळ सलग बोलताना पहिल्यांदाच ऐकलं. "मले रझाकार सांगता? तुमी जनमले होते का? मी दहा वरसाचा होतो. माह्या बापाले चावडीपुढं ओणवं करून मारलं. आमी पैनगंगा उतरून पलीकडं पळालो, माय डोक्यावर गठुडं घेऊन गळ्याएवढ्या पान्यातून. मले आठोते ते कोन जातीचे होते हे नाई आठोत. मले आठोते त्यायची शिट्टी. रांगेत उभे राहाचे. एका रंगाचे कपडे. आन म्हनाचे, आमीच खरे, बाकीचे परके. आता तुमी रोज माह्या घरामागं शिट्टी वाजोता. मले काय वाटत असन?"

सुधाकरराव हसले. "वय झालं पटेल तुमचं." आणि जाताना म्हणाले, "पंचायतीचा शिक्का द्या."

विमलबाई आतून म्हणाली, "शिक्का ज्वारीच्या कनगीत पडला. ज्वारी उपसून काढा, आन उपसली तर पुन्हा भरून द्या." पाच-सहा जणांनी कणगीकडे पाहिलं. ती छताला टेकलेली होती. ते गेले.

त्यानंतरचे सहा आठवडे म्हणजे भगवानरावांच्या वैतागाचा उन्हाळा, ऐन थंडीत. ते मंडल कचेरीत, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत गेले. तिथला साहेब हैदराबादकडचा, तो सगळं ऐकून म्हणाला, "चूद्दाम." पुन्हा गेले. "चूद्दाम, पटेल, चूद्दाम." म्हणजे बघू. बाहेर येऊन ते मला म्हणाले, "या मानसाचं बघनं कधी संपनार? डोळे हायेत का गोट्या?" ठाण्यात गेले. मौलाच्या मारहाणीबद्दल जमादार म्हणाला, मार खाणारा कुठं आहे, त्याला आणा; मग विचारलं, गावात भांडण आहे का? नाही. चोरी? नाही. दारू? दलानं बंद केली. "मग शांतता आहे की. तक्रार कशाची?" भगवानरावांनी टेबलावर हात आपटला. "शांतता स्मशानातबी असते, साहेब!" जमादारानं त्यांना बाहेरचा बाक दाखवला.

आणि गाव? गाव खूश होतं. हापशीवर रांग लागते, बाया भांडत नाहीत, पोरं वेळेवर उठतात. एक म्हातारा त्यांना म्हणाला, "बराय की, पटेल. कोनी बसो, काम झालं म्हंजे झालं." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "तुह्या घरात उद्या दुसराच मानूस येऊन बसला आन झाडझूड चांगली केली, तर घर त्याले देशीन?"

त्यांनी पंचायत आपल्या ओसरीवर भरवली. येणारे फार नव्हते. मी, आमच्या वस्तीतली वार्ड मेंबर रुक्माबाई, कधी एखादा वाट चुकल्यासारखा आलेला माणूस. रुक्माबाई जुनी कापूस वेचणारी, तोंडानं फटकळ. ती पहिल्या दिवशीच म्हणाली, "पटेल, बसाले सांगता का उभ्यानंच पंचायत चालवता?" तिला खाली पोतं टाकलं होतं. ती खाटेवर बसली. विमलबाईनं चहा केला. कोनाड्यातला कप आणि घरातले कप एकाच ताटलीत आले. भगवानरावांनी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "कोनता कप कोनाचा, हे ध्यानात ठेवू का सैपाक करू? इथं सकाळपासून मानसंच मानसं." त्या दिवसापासून त्या घरात तो प्रश्न मिटला.

मी आमच्या विहाराच्या पडवीत पोरं शिकवत होतो. शिट्टी तिथंही ऐकू यायची.

मग कापूस निघाला. दलानं गावाच्या वेशीवर माणसं बसवली. आदिलाबादच्या बाजाराला जाणारी गाडी परत फिरवायची, कापूस सुधाकररावांच्याच काट्यावर घालायचा, ते म्हणतील त्या भावानं. कारण असं सांगितलं की बाहेरचे व्यापारी परके आहेत आणि गावाचं धन गावात राहिलं पाहिजे. दादाजी नावाच्या शेतकऱ्यानं गाडी पुढं काढली, तर त्याच्या बैलांचे कासरे कापले आणि त्यालाही दोन काठ्या पडल्या. त्या संध्याकाळी भगवानरावांची ओसरी भरली. बसायला जागा नव्हती.

"पटेल, हे तर लुटनं झालं," दादाजी म्हणाला.

मला वाटलं भगवानराव आता खूश होतील. ते इतके भडकले की त्यांचा आवाज चिरकला. "मौलाले मारलं तवा तुमी दारात उभे होते. गुरुजीले शाळेतून हाकललं तवा तुमाले कवायत गोड लागली. पंचायतीले कुलूप लावलं तवा म्हने कोनी बसो. आन आता कापसाची गाडी अडली तं तोंड फुटलं! उठा. जा इथून. मले तुमचं तोंड पाहाचं नाई."

कोणी उठलं नाही. रुक्माबाई म्हणाली, "पटेल, रागवा, पन आज जे आले ते उद्या पुन्हा येनार नाईत. सांगाचं ते सांगा."

त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "सव्वीस जानेवारीले झेंडा सरपंच लावते. पंचायतीवर. मी लावनार हाय. याचं त्यानं या, नाई त्यानं आपल्या घरी बसून चिवडा खा."

सव्वीस जानेवारीच्या सकाळी आम्ही निघालो. भगवानराव पुढे, धुतलेलं धोतर, हातात घडी केलेला झेंडा. त्यांच्या मागे विमलबाई, रुक्माबाई आणि आमच्या वस्तीतल्या बाया, मी, आणि दादाजीसोबत गाडीवाले शेतकरी. त्यांतले अर्धे मागे मागे चालत होते, पळायची वेळ आली तर सोपं जावं म्हणून. पंचायतीच्या पायरीवर दल उभं होतं. दारासमोर चंपत.

सुधाकरराव कडेला ओट्यावर होते. म्हणाले, "झेंडावंदन झालंय आमचं. परत जा."

"तुमचं झालं असन. देशाचं राह्यलं," भगवानराव म्हणाले आणि पायरी चढले. "बाजूले हो, चंपत."

"दादा, वापस जा."

"हो बाजूले. ऊन वाढून राह्यलं."

"दादा, मले सांगितलं हाय. कोनाले येऊ द्याचं नाई."

"कोनं सांगितलं? मी तुले काई सांगितलं ते ऐकलं का कधी? त्याचं बरोबर ऐकतं!" आणि त्यांनी चंपतच्या खांद्याला हात लावून त्याला ढकललं, घरात दारातून बाजूला करतात तसं.

चंपतनं काठी मारली. माझ्या मते त्याला मारायचं नव्हतं, पण हे माझं मत. काठी पडली हे खरं. उजव्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, माझ्यासारखाच सगळ्यांनी ऐकला. भगवानराव पायरीवर बसले. चेहरा पांढरा झाला होता. तरी त्यांच्या तोंडून पहिलं काय निघालं? "अरे गधड्या, सकाळी सकाळी झेंडा लावाचा असते. भावाचं हाड नसते मोडाचं."

विमलबाई पुढे झाली. तिनं चंपतच्या हातातून काठी काढून घेतली. त्यानं सोडून दिली. तिनं त्याला मारलं नाही, शिवीही दिली नाही. तिनं विचारलं, "तुले दूध कोनं पाजलं?" तिचं नवं बाळंतपण होतं तेव्हा सासू आजारी होती आणि हा अंगावर पिणारा पोर तिच्याच मांडीवर वाढला होता. गावात हे सगळ्यांना माहीत होतं. चंपत तिथंच खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

त्यानंतर काय झालं ते भराभर झालं. रुक्माबाई आणि बाया सरळ पायरीवर चढून बसल्या. दलातल्या लोकांना बायांच्या अंगावर काठी उचलायचं धाडस झालं नाही, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या बायका समोरच उभ्या होत्या. दादाजीनं गाडीची पहार आणून दाराची आतली कडी उचकटली आणि खोलीवरचं दलाचं निशाण उतरवलं. आतून देवाजी बाहेर आला आणि म्हणाला, "मले जबरदस्तीनं बसोलं होतं." सुधाकरराव ओट्यावरून ओरडले, "उभे काय राहिलात? मारा!" त्यांचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला. कोणी हललं नाही. ते उतरून घराकडे निघून गेले.

भगवानरावांनी डाव्या हातानं दोरी ओढली. झेंडा अर्ध्यावर अडकला. ते म्हणाले, "दोरी कोनं बांधली ही?" दादाजीनं गाठ सोडवली.

पुढचं सांगायला नको वाटतं, पण सांगतो. सरपंचाचं हाड मोडलं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी जीप आली. जमादार आला, मंडल कचेरीचा साहेबही आला आणि म्हणाला, आधी का नाही सांगितलं? भगवानरावांना आदिलाबादच्या दवाखान्यातून नुकतंच आणलं होतं, गळ्यात पट्टा होता. त्यांनी विमलबाईला पाणी मागितलं. नंतर मला म्हणाले, "मले हसाव का रडाव समजेना, म्हनून मी पानी मांगितलं."

केस झाली. त्यात चार गरीब पोरं अडकली आणि सुटली. सुधाकररावांच्या नावाला कोणी हात लावला नाही. ते आदिलाबादला राहायला गेले, तिथं मोठ्या सभांत पहिल्या रांगेत बसू लागले. आंबडोहची जी माणसं रोज शिट्टीला धावायची ती म्हणू लागली, आम्ही फक्त व्यायामाला जात होतो. चंपत तीन महिने घराकडे फिरकला नाही. मग एक दिवस आला, विमलबाईनं त्याला वाढलं, भगवानरावांनी त्याच्याकडे पाठ करून जेवण केलं. पुढं दोघं बोलत, पण फक्त बैलांविषयी.

खांदा बरा झाल्यावर भगवानराव मौलाला आणायला नेरडीगोंड्याला गेले. मलाही सोबत नेलं. हायवेच्या कडेला मौलानं मोटारी दुरुस्तीचं लहानसं दुकान टाकलं होतं. त्याला एका कानानं ऐकू येत नव्हतं. त्यानं चहा मागवला, खांद्याची चौकशी केली.

"चाल घरी," भगवानराव म्हणाले. "हापश्या बंद पडून हायेत. सगळं ठीक झालं."

मौला म्हणाला, "पटेल, मला मारलं तेव्हा किती लोक होते?"

"होते."

"तेच लोक आहेत ना गावात?"

"तेच हायेत."

"मग ठीक काय झालं?"

भगवानराव कप खाली ठेवून उठले. बसमध्ये ते खिडकीच्या गजावर मूठ आपटत होते. "याले समजत कसं नाई," असं एकदा म्हणाले. आदिलाबाद जवळ आल्यावर म्हणाले, "त्याचं बराबर हाय, गुरुजी. म्हनून तं डोकं उठलं."

मुदत संपल्यावर ते सरपंचकीतून उतरले. १९९५ ला निवडणूक लागली तेव्हा गावाची जागा बाईसाठी राखीव होती, रुक्माबाई उभी राहिली. मतदानाच्या दिवशी दुपारी रांगेत मला मौला आणि त्याची बायको दिसली. त्यांची नावं अजून आमच्याच यादीत होती. सकाळच्या बसनं आले होते. रांगेतल्या काहींनी मान खाली घातली, काहींनी "काय मौलाभाई" म्हटलं. दोघांनी मत दिलं, विमलबाईकडे जेवली आणि परत निघाली. भगवानराव आणि मी त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेलो.

बस येईना. भगवानराव एका जागी उभे राहत नव्हते. "टाइम काय लिवला हाय? आन वाजले किती? यायले कोनी इचारनारच नाई."

"तुम्ही जा घरी पटेल," मौलाची बायको म्हणाली. "आम्ही बसतो."

"काऊन जाऊ? तुमाले इथं सोडून?"

शेवटी बस आली, भरगच्च, आणि फाट्यावर न थांबता पुढे गेली. भगवानराव तिच्यामागे धावले. वाकड्या खांद्यानं धावताना ते एका बाजूला कलत होते. पत्र्यावर डाव्या हातानं धडाधड मारत ते थांबव म्हणून तेलुगूत ओरडले, "आपु! अरे आपु रा!" बस लांब जाऊन थांबली. कंडक्टर तेलुगूत शिव्या देऊ लागला आणि भगवानराव त्याला मराठीत. तेवढ्यात मौला आणि त्याची बायको पळत जाऊन चढली. दार लागलं.

ते धूळ झटकत माझ्याकडे परत आले, दम लागलेला. "पाह्यलं का गुरुजी? फाटा सोडून थांबोते. मानसानं काय गाडीमागं पळाव या वयात?"